किती मीटर सुकते, ते आधी विचारा

प्रश्न : ताई, मी इंग्लंडात पोर्ट्‌समथजवळ हॅवंटला राहतो. मार्चमध्ये जुनी वेस्टर्ली सेंटॉर घेतली, २६ फुटी. आयुष्यातली पहिलीच बोट. विकणारा म्हणाला होता, ‘मूरिंगही सोबत देतो.’ पैसे दिल्यावर कळलं की मूरिंग, म्हणजे पाण्यात साखळीने बोट बांधून ठेवायची जागा, त्याच्या नावावर आहे, बोटीच्या नाही. आता बोट यार्डात उभी आणि भाडं चढतंय. मरीनाचा (धक्क्याला बोट लावायच्या गोदीचा) वर्षाचा आकडा ऐकून बायको म्हणते, विकून टाका. लँगस्टन हार्बरमध्ये ओहोटीला कोरडी पडणारी एक स्वस्त जागा मिळतेय. घेऊ का? – एक वाचक, हॅवंट

उत्तर : बोट विकू नका. मूरिंगच्या बाबतीत तुमच्यासारखे पुष्कळजण फसतात, कारण जागा माणसाला दिलेली असते आणि ती परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. पण बोट तुम्ही फार चांगली निवडलीत, हे वहिनींना माझ्यातर्फे सांगा. सेंटॉर १९६९ साली आली, तुमच्या शेजारीच वॉटरलूव्हिलला बांधली जायची, आणि अशा दोन हजारांवर बोटी निघाल्या. तिच्या पोटाखाली दोन कणे (कील, म्हणजे तळातून खाली आलेली जड पाती) आहेत. पाणी गेलं की ती दोन पायांवर सरळ उभी राहते. एका कण्याची बोट चिखलात कलंडते. म्हणूनच खोल पाण्यातल्या मूरिंगसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसतात. तुम्हाला तसं बसायची गरज नाही.

मात्र जागा दाखवणाऱ्याला भाड्याच्या आधी एक विचारा : किती मीटर सुकते? म्हणजे भरतीच्या तक्त्यातल्या शून्य पातळीपेक्षा तिथला तळ किती उंच आहे? तुमच्या बोटीला तरंगायला ०.९ मीटर पाणी लागतं. जागा १.५ मीटर सुकत असेल, तर भरतीच्या तक्त्यात २.४ मीटर आले की बोट उठते. पोर्ट्‌समथला उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची) भरती साधारण ४.७ मीटर चढते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) ३.८. म्हणजे उधाणालाही भरतीच्या आधी आणि नंतर तीनेक तास हातात राहतात. उत्तम जागा. पण तीच ३ मीटर सुकणारी असेल तर ३.९ मीटर हवेत, आणि भांगाच्या दिवसांत तेवढं पाणी येतच नाही.

माझं पहिलं मूरिंग असंच निघालं. मुलाला सुट्टी, वारा मनासारखा, दडपे पोहे डब्यात भरलेले. वल्ही मारत डिंगीने (छोट्या होडीने) बोटीपर्यंत पोहोचलो. भरती पूर्ण झाली तशी बोट जराशी थरथरली, वाटलं आता उठेल. नाही उठली. चार-पाच बोटं पाणी कमी पडलं आणि मग ते ओसरायलाच लागलं. पुढचे चार दिवस तेच. त्या वर्षीची सुट्टी तिथेच संपली, त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. एवढी एक आकडेमोड मी आधी करायला हवी होती.

हर्णैला माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब पोर्ट्‌समथलाही अंदाजापुरता बसतो, उन्हाळ्यात फक्त घड्याळाचा एक तास वाढवायचा. (बोट काढताना मात्र छापील तक्ताच पाहा.) यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी निघते : इथे उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि भांगाची सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे फार सुकणाऱ्या जागेवरून नोकरदार माणसाला महिन्यातले दोनच शनिवार-रविवार धडपणे मिळतात. शिवाय इथे पाणी चढायला सातेक तास घेतं आणि उतरतं पाचेक तासांत. परतीला उशीर झाला तर ते तुमच्यासाठी थांबत नाही. दोन शनिवार-रविवार पुरत असतील तर खुशाल घ्या, नाहीतर कमी सुकणारी जागा मागा.

पैशांचं थोडक्यात सांगते. दर बहुधा लांबीवर असतो, आणि मागे टांगलेलं इंजिनही काही ठिकाणी मोजतात. २६ फूट म्हणजे ७.९ मीटर, आठ मीटरची पायरी ओलांडली जात नाही ना, ते लेखी घ्या. हार्बरचं शुल्क भाड्यात धरलंय की वेगळं, आणि डिंगी काठावर ठेवायला मिळेल का, तेही विचारा. जवळच्या सेलिंग क्लबात जरूर जा. सभासदांना मिळणारी मूरिंग बऱ्याचदा स्वस्त असतात, कारण देखभाल सभासदच मिळून करतात.

साखळीची तपासणी कधी झाली, याचा कागद मागा. विमावालेही तो मागतात. एका वसंतात आमची साखळी वर काढली तेव्हा तळाशी घासणारी कडी, जी अंगठ्याएवढी जाड होती, ती एका बाजूला पेन्सिलीएवढी उरली होती. वरून बोया नवाकोरा दिसत होता. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधलेली आहे ना, तेही पाहा. ती फिरून सुटते.

आणि सही करण्याआधी उधाणाच्या दिवशी, पूर्ण ओहोटीला जाऊन जागा काठावरून दुर्बिणीने बघा. चिखलात एकट्याने उतरू नका, तो आपल्या खाडीइतकाच ओढतो. बोट जिथे बसेल तिथे दगड, जुना नांगर, खड्डा काही दिसतंय का ते शोधा. एक कणा दगडावर आणि दुसरा गाळात, अशी बोट रोज दोनदा बसली तर कण्याचे बोल्ट सैल होतात आणि पाणी आत येऊ लागतं. मऊ, सपाट चिखल दिसला तर यार्डातून बोट हलवा.