न्यूयॉर्कच्या कॅट्झ डेलिकेटेसनमध्ये, म्हणजे मांसाच्या सँडविचसाठी प्रसिद्ध असलेल्या खाण्याच्या दुकानात, ज्यू मित्राला जेवायला नेलं तर चालेल का?

मित्रालाच विचारा. एवढं सांगून थांबलो असतो, पण 'कॅट्झ कोशर नाही, खरा ज्यू तिथे जेवणारच नाही' हे आमचे दाजी वर्षानुवर्षं ऐकवत आलेत आणि त्याने माझं डोकं फिरतं.

कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारं: मांस आणि दूध-चीज एकत्र चालत नाही, कोळंबीही नाही, आणि शनिवार हा काम बंद ठेवायचा दिवस. कॅट्झ कोशर नाही, हे बरोबर. मांसावर चीज घातलेलं रूबेन सँडविच तिथे मिळतं, शनिवारीही दुकान उघडं असतं. पण 1888 पासून लोअर ईस्ट साइडला ते उभं राहिलं आणि चाललं ते तिथे येऊन वसलेल्या ज्यू लोकांच्याच जिवावर.

मला तिथे नेलं ते माझ्या शाळेपासूनच्या मित्राने. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा, मूळचा अलिबागकडचा, वाढला ठाण्यात. तेलाचे घाणे चालवायचे पण शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्यातला. त्यांच्या घरी कोळंबी कधी शिजली नाही. मटणाचं जेवण असेल त्या दिवशी गोडाला नारळाचं दूध, गाई-म्हशीचं नाही.

काउंटरवर कापणाऱ्याने आधी पास्ट्रामीचा एक तुकडा बशीत चाखायला दिला. मिठाच्या पाण्यात मुरवलेलं, धने-मिरी चोळून धुरावर धरलेलं आणि शेवटी वाफवलेलं मांस इतकं मऊ होतं की सुरीने हातानेच कापावं लागतं. राय ब्रेड, मोहरीचा सॉस, बाजूला काकडीचं लोणचं. मित्राने चीज घेतलं नाही. आमच्याच टेबलावर एक आजोबा बसले होते, तेही ज्यू, लहानपणी वडिलांचा हात धरून इथे यायचे. ते रूबेन खात होते. भारतात ज्यू आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. मग मित्राने त्यांना नवगावजवळ गलबत फुटून सात जोडपी वाचल्याची, त्याच्या आजीने सांगितलेली कथा सांगितली. आजोबा खाणं थांबवून ऐकत होते. एकाच्या ताटात चीज, दुसऱ्याच्या नाही, आणि दोघांनीही एकमेकांना त्याबद्दल चकार शब्द विचारला नाही.

दाजी स्वतः श्रावणात सर्रास मटण खातात. ते खरे हिंदू नाहीत असं आजवर त्यांना कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणणार नाही. मग माझ्या मित्राचं ज्यूपण त्याच्या सँडविचवरून ठरवायचा अधिकार त्यांना कुणी दिला? 'तू कोशर पाळतोस का?' एवढंच विचारायचं असतं. 'मग तू ज्यू कसा?' हे विचारायचं नसतं.

तो काटेकोर पाळत असेल तर मात्र कॅट्झ नकोच. 1954 पासूनची सेकंड अव्हेन्यू डेली कोशर आहे, आता ती ईस्ट 33व्या रस्त्यावर असते. तीही शनिवारी उघडी असते, त्यामुळे फार कर्मठ माणसाला तीही चालणार नाही.

आणि हो, पास्ट्रामी गोमांसाची असते. खात नसाल तर टर्की घ्या, किंवा कोंबडीच्या रश्शातलं मात्झो बॉल सूप, म्हणजे बिनखमिराच्या ज्यू भाकरीच्या चुऱ्याचे गोळे घातलेलं. कॅट्झच्या दारात प्रत्येकाला तिकीट देतात, ते जपा. काही खाल्लं नाही तरी जाताना परत द्यावं लागतं आणि हरवलं तर दंड बसतो.