'तार्जिन्या'ला कातरवेळ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की 'ओ बार्किन्यू' या ब्राझीलच्या बोसा नोव्हा (सांबा आणि जॅझच्या मेळातून आलेला हळुवार गाण्यांचा प्रकार) गाण्याच्या शेवटी जो 'तार्जिन्या' शब्द येतो, त्याला मराठीत कातरवेळ म्हटलं तर चालेल का.

माझं स्पष्ट मत, नको. कातरवेळ म्हटलं की आपल्याकडे लगेच जीव हुरहुरायला लागतो, कुणीतरी लांब गेलेलं असतं, आणि या गाण्यात तसं कुणीच कुठे गेलेलं नाहीये. लख्ख ऊन, निळा समुद्र, प्रेमात पडलेली माणसं आणि एक होडी, बस. बोसा नोव्हा म्हणजे विरहच असं आपण धरून चालतो, पण १९५८ साली ज्या गाण्यापासून हा प्रकार गाजला त्या 'शेगा जी साउदाजी'चा अर्थच मुळी 'पुरे झाली ती हुरहुर' असा आहे.

आता मूळ शब्द बघा. पोर्तुगीजमध्ये 'तार्जी' म्हणजे दुपारनंतरचा वेळ, त्याला -इन्या लागला की उन्हं कलल्यानंतरची वेळ, आणि 'बार्कू'ला -इन्यू लागला की छोटी होडी. पण हा प्रत्यय नुसता आकार सांगत नाही, त्यात माया असते. आपण पाहुण्याला 'घोटभर चहा घ्या' म्हणतो आणि कप भरून देतो ना, तिकडे कॉफीला 'काफेझिन्यू' म्हणतात ते तसंच. म्हणून बार्किन्यूला मी होडकं म्हणेन. नाव म्हटलं की लगेच जीवननौका आणि पैलतीर सुरू होतं, तेवढा भार या गाण्याला पेलणार नाही.

हे गाणं १९६१ च्या सुमाराचं, चाल रोबेर्तो मेनेस्कालची, शब्द रोनाल्दो बोस्कोली यांचे. मेनेस्कालला समुद्राचं भयंकर वेड, पाण्याखाली जाऊन मासे मारायचा. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या काबो फ्रिओच्या बाजूला मित्रमंडळी बोटीतून गेली असताना इंजिन बंद पडलं, ते चालू करायची खटपट चाललेली आणि त्याच्या आवाजावर यानं गिटार धरली, त्यातून चाल निघाली असं तो स्वतः सांगायचा. ऐकताना लक्ष द्या, तोच सुरांचा तुकडा परत परत येतो पण दर वेळी एक पायरी खाली उतरून, म्हणजे शब्दांत 'देस्लिझार' (सरकत जाणं, घसरणं नव्हे) आहे तेच चालीतही होतंय. हे मला फार म्हणजे फार आवडतं.

आणखी एक, याच गाण्यातले शब्द, 'देस्माया ऊ सॉल'. शब्दशः सूर्याला मूर्च्छा येते, पण रंग फिका पडण्यालाही तिकडे हेच क्रियापद वापरतात, तेव्हा 'ऊन मलूल होतं' हे अगदी चपखल बसतं. शेवटच्या ओळीत तार्जिन्या 'पडते', आपल्याकडेही संध्याकाळ पडते म्हणा, पण ते लिहिलं की कातरवेळ मागल्या दारानं परत येतेच. त्यापेक्षा मी लिहीन: होडकं चाललंय, उन्हं उतरतायत.