उतरत्या रेषेला ‘चढ’ कसा?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या दहावीच्या भूमितीत आलेखावरून रेषेचं समीकरण काढायचं होतं. रेषा डावीकडून उजवीकडे चक्क खाली आलेली, आणि उत्तरात ‘चढ −२’. “उतरणीला चढ? सरळ ‘उतार २’ का नाही?”

ताई, गोंधळ रास्त आहे, कारण गणितात जो ‘चढ’ (इंग्रजीत slope), तोच भूगोलात ‘उतार’ म्हणून येतो. पण भूगोल बघतो पाण्याच्या नजरेने. सातपुड्याचा उतार तापीकडे म्हटलं की पाणी कुठे जाणार ते कळलं. पाणी काही उलटं चढत नाही. माणूस दोन्हीकडून येतो. चाळीसगावहून कन्नडला निघालात की घाट चढाचा, परतताना तोच उताराचा.

रेषेचं तसं नाही, आणि गंमत इथेच आहे. समजा, केळीच्या ठिबकची ८ हजार लिटरची टाकी ४ तासांत एकसारख्या धारेने रिकामी होते. आडव्या अक्षावर तास (क्ष), उभ्यावर हजार लिटर (य). रेषा (०, ८) आणि (४, ०) मधून जाते. चढ म्हणजे य मधला बदल भागिले क्ष मधला बदल. पहिल्या बिंदूकडून निघालं तर य ८ ने घटला, क्ष ४ ने वाढला: −८ भागिले ४, म्हणजे −२. उलटं निघा. य ८ ने वाढतो, पण क्ष ४ ने घटतो, पुन्हा −२च! घाटात तोंड फिरवलं की चढाचा उतार होतो, इथे चिन्हसुद्धा हलत नाही. म्हणून एकच शब्द पुरतो, बाकीचं चिन्ह सांगतं. रेषा उभ्या अक्षाला ८ वर छेदते, तेव्हा समीकरण य = −२क्ष + ८.

मग तो एक शब्द ‘उतार’च का नको? चालला असता, पण वर जाणाऱ्या रेषेला उणे लावावं लागलं असतं, आणि वाढ म्हणजे अधिक ही आपली जुनी सवय. शिवाय उतार बिचारा आधीच कामात गुंतलेला: तापाला उतार, उतारवय, नदी पायी ओलांडायची जागा तीही उतार. हिंदी माध्यमाची मुलं ‘ढाल’ म्हणतात. मराठीत ती तलवारीशेजारीच बरी.

बोलताना मुलगी ‘उतार २’ म्हणाली तर अर्थ पोचतो. ‘उतार −२’ मात्र लिहू देऊ नका. त्यात रेषा दोनदा उतरते आणि वर निघते.