जळणासाठी झाडं लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सिन्नरच्या पूर्व भागात दोन एकर मुरमाड पडीक आहे, पाणी नाही. बॉयलरच्या जळणासाठी सुबाभूळ लावावी की निलगिरी? एकरी किती लाकूड निघेल?

उत्तर : सुबाभूळ. निलगिरीला फूट उत्तम येते, पण कमी पावसाच्या मुरमात तिची मुळं खोलातली ओल ओढतात, आणि तुमच्या भागात ती ओल विहिरींना हवी असते. सुबाभळीला चुनखडीची जमीन चालते आणि मुळांवरच्या गाठींमुळे नत्रही मिळतं. मात्र पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत ती पिवळी पडून मरते. तेवढा तुकडा सोडा.

बियांचं कवच टणक असतं. तसंच बी पेरलं तर निम्मं उगवतच नाही. 80 अंशांच्या पाण्यात बी तीन-चार मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका आणि रात्रभर भिजू द्या. खळखळत्या पाण्यात जास्त वेळ राहिलं तर कोंब मरतो. पेरताना रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू) चोळा. मार्च-एप्रिलमध्ये पिशव्या भरल्या तर जूनअखेर रोपं फूट-दीड फुटाची होतात. दोन ओळींत 2 मीटर आणि दोन रोपांत 1 मीटर असं अंतर ठेवलं की एकरी सुमारे 2,000 रोपं बसतात. किलोभर बियाण्यात अठरा-वीस हजार दाणे असतात, म्हणजे मर धरूनही दोन एकरांना पाव किलो पुरतं.

खड्डे दीड फूट लांब, रुंद, खोल, आणि उन्हाळ्यातच खणून तापू द्या. खत पूर्ण कुजलेलंच घाला. अर्धकच्च्या शेणखतावर वाळवी येते आणि मग रोपाचं मूळही खाते. पहिल्या वर्षी रोपाभोवती मीटरभर आळं गवतापासून मोकळं ठेवावंच लागतं. या झाडाचं बालपण हळू असतं आणि गवत त्याला सहज दाबून टाकतं. लागवड फसण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे शेळ्या. कुंपण होणार नसेल तर लावूच नका. (पाला चांगला चारा आहे, पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये.)

पहिली तोड तिसऱ्या वर्षानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. जमिनीपासून फूटभर खुंट ठेवून करवतीनं तिरपा काप घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही. कुऱ्हाडीनं खुंट चिरतो, साल सुटते आणि तिथूनच बुरशी शिरते. भरपूर फुटवे येतील, त्यातले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. बारीक फांद्या आणि पाला शेतातच राहू द्या. अन्नद्रव्यांचा मोठा वाटा तिथं असतो आणि जाळल्यावर राखही सालीची-पाल्याचीच जास्त होते. शेंड्यांवर माव्यासारखी बारीक कीड दिसली तर घाबरू नका. 1988 पासून ही सायला कीड आपल्या देशात आहे. पानं गळतात, पण झाड बहुधा पुन्हा फुटतं.

उत्पन्न वर्षाला एकरी दीड-दोन टन सुकं लाकूड एवढंच धरा. आठ-दहा टनांचे आकडे खोल, बागायती जमिनीतले असतात. ते मुरमाला लावून कर्ज काढू नका. आणि रोपं आणण्याआधी गिऱ्हाईक बघा. मुसळगाव, सातपूर, अंबड या औद्योगिक वसाहतींतले बॉयलर किंवा पांढरा कोळसा (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करणारे जवळ असतील तरच हिशेब बसतो. लांबच्या भाड्यात सगळा नफा जातो.

प्रश्न : ओलं लाकूड विकलं तर व्यापारी भाव पाडतो, सुकवलं तर वजन घटतं. फायदा कशात? (निफाड)

उत्तर : सुकवण्यात, पण भाव ओलाव्याप्रमाणे ठरवून घेतलात तरच. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं. 1,000 किलोत 500 किलो सुकं लाकूड. ते 20 टक्के ओलाव्यावर आणलं की वजन 625 किलो भरतं. ओल्या लाकडातून किलोमागे जेमतेम 1,900 किलोकॅलरी उपयोगी उष्णता मिळते, सुकलेल्यातून सुमारे 3,400. म्हणजे सुकलेल्याला किलोमागे पावणेदोन पट भाव मागणं रास्त आहे. किमान 1.6 पट मिळाला तरच घटलेलं वजन भरून निघतं. त्याखाली सुकवण्याची मजुरी पदरची.

ओलावा स्वतः मोजा. ओंडक्याच्या टोकाचा तुकडा घेऊ नका, टोक आधी सुकतं. मधल्या भागाच्या 500 ग्रॅम ढलप्या 105 अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. 300 ग्रॅम उरले तर ओल्या वजनावर ओलावा 40 टक्के. हाच आकडा सुक्या वजनावर काढला तर 67 टक्के येतो. व्यवहारातली बरीच भांडणं इथंच होतात, तेव्हा कोणत्या वजनावरचा टक्का ते सौद्याच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

सुकवताना मीटरभराचे तुकडे करा आणि मनगटापेक्षा बरेच जाड असतील ते उभे फोडा. सालीतून पाणी फार हळू निघतं, चिरलेल्या बाजूनं पटकन. खाली दोन आडवे ओंडके टाकून थप्पी जमिनीपासून उचला, वारा लागेल अशी रचा आणि फक्त वरून झाका. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते. ढलप्या लाकूड सुकल्यावरच करा. ओल्या ढलप्यांचा ढीग आतून तापतो, सडतो आणि कधी धुमसतोही.

प्रश्न : झाडं लावून जाळायचीच, तर पर्यावरणाला काय मिळालं? (येवल्याच्या एक शिक्षिका)

उत्तर : एक किलो पूर्ण सुक्या लाकडात जवळपास अर्धा किलो कार्बन असतो. जाळल्यावर तो सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि खुंटाची नवी फूट वाढताना तो पुन्हा ओढून घेते. खुंट जिवंत आहे, मुळं जमिनीत आहेत आणि तेवढा कोळसा खरोखर वाचला, तरच हा हिशेब जुळतो. स्वीडनमधल्या एनशोपिंगला शहराच्या सांडपाण्यावर विलो वाढवतात. झाडं पाण्यातलं नत्र घेतात आणि लाकूड शहर ऊबदार ठेवणाऱ्या केंद्रात जळतं. फायदा असा दुहेरी असला की तो ठाम असतो. आधी जमीन कशी होती, यावर बाकी सगळं ठरतं. नांगरून धूप झालेल्या पडिकावर झाडं आली तर माती थांबते. पण ममदापूरच्या काळविटांच्या माळरानासारखं जिवंत गवताळ रान पडीक समजून तिथं सुबाभूळ घुसवली, तर ते नुकसानच. सुबाभळीचं बी आपोआप पसरतं, म्हणून शेंगा वाळून फुटण्याआधी तोड करावी.

प्रश्न : द्राक्षबागेच्या पश्चिमेला वारारोधक म्हणून जळणाची झाडं चालतील का? (दिंडोरी)

उत्तर : चालतील, पण भिंत नको. अर्धा वारा आरपार जाईल एवढी विरळ ओळ ठेवा. दाट ओळीमागे दव उशिरा वाळतं आणि डावणीला (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाला) आयतं निमंत्रण मिळतं. बाहेर सुरूच्या झाडांची आणि आत गिरिपुष्पाची अशा दोन ओळी पुरेत. झाडाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. बागेच्या बाजूनं तीन फूट खोल चर काढा आणि दरवर्षी तो मोकळा करून आत आलेली मुळं तोडा. दोन्ही ओळी एकाच वर्षी तोडू नका, एक उभी राहू द्या.

प्रश्न : पेठ तालुक्यात वरकस जमिनीत बांबू लावला तर एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रासाठी विकता येईल?

उत्तर : कोळशात जैवइंधन मिसळण्याचं धोरण केंद्रानं 2017 मध्ये आणलं आणि 2021 मध्ये सुधारलं, पण दळणयंत्रात कोळशाबरोबर जातात त्या पेलेट (भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्या), अख्खे बांबू नाहीत. शिवाय बांबूत पोटॅशियम आणि सिलिका लाकडापेक्षा जास्त. बॉयलरच्या नळ्यांवर त्याचा चिकट थर धरतो, म्हणून मिसळण्याचं प्रमाण थोडंच ठेवावं लागतं. तुमच्याकडचा मानवेल जातीचा बांबू भरीव असतो. सरळ काठ्या टोमॅटोच्या बांधणीला दिंडोरी-पिंपळगाव भागात विका आणि शेंडे, वाकडे तुकडे तेवढे पेलेटवाल्याला द्या. बेटातून तीन वर्षांवरच्याच काठ्या काढा आणि पावसाळ्यात बेटाला हात लावू नका, तेव्हा नवे कोंब मोडतात. खासगी जमिनीतल्या बांबूला 2017 च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात झाड धरत नाहीत. तरी गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारा आणि सातबारावर बांबूची नोंद करून घ्या.