क्यूब पास झाले, भिंत कमी पडली. म्हणून प्रोजेक्ट फसला का?

बार्शीहून एका बांधकाम ठेकेदारांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिच्या गटानं थ्रीडी प्रिंटिंगचं, म्हणजे यंत्रानं थरावर थर सोडून भिंत उभी करायचं, काँक्रीट घेतलं आणि त्यात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे बारीक धागे, म्हणजे फायबर घातले. साच्यात भरलेले क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, उत्तम निघाले. पण त्याच मिश्रणाची प्रिंटरनं छोटी भिंत काढून तिचे तुकडे कापून तपासले, तेव्हा एका दिशेनं ताकद बरी आली आणि दुसऱ्या दिशेनं पार घसरली. ते लिहितात, "गाईड म्हणतात प्रोजेक्ट फसला. मुलगी म्हणते, मला यातच एम.टेक. करायचंय. मी इतकी वर्षं स्लॅब टाकतोय, पण थरावर थर ठेवून केलेली भिंत टिकणार कशी हे मला कळत नाही. तिनं एखाद्या आरसीसी कन्सल्टंटकडे नोकरी धरावी असं मला वाटतं."

सप्रेम नमस्कार.

आधी मुलीच्या मनावरचं ओझं उतरवते. प्रोजेक्ट फसलेला नाही. दोन दिशांना दोन वेगळे आकडे येणं ही छापलेल्या काँक्रीटची ओळखच आहे आणि तो फरक तिच्या गटानं मोजून दाखवला आहे. क्यूबमधून कळते ती मिश्रणाची ताकद. भिंतीच्या ताकदीत मिश्रणाबरोबर नोझल (प्रिंटरचं माल सोडणारं तोंड), त्याचा वेग आणि दोन थरांमधली वेळ यांचाही वाटा असतो.

तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. स्लॅब चालू असताना मिक्सर बंद पडला की तुमचा जीव वरखाली होतो, कारण आधीचा माल ओढायला, म्हणजे घट्ट व्हायला लागला की पुढचा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि कोल्ड जॉइंट राहतो. छापलेल्या भिंतीत प्रत्येक थरावर असा एक सांधा असतो. शिवाय तिथे व्हायब्रेटर नाही, शटरिंग नाही. खालचा थर वरच्याचं वजन पेलण्याइतका घट्ट हवा, पण वरच्याला धरून ठेवण्याइतका ताजाही हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. सगळी कसोटी तिथेच लागते.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या गटानं 2012 मध्ये याचे आकडे मांडले. त्यांच्या मिश्रणातही पॉलिप्रॉपिलीनचेच फायबर होते आणि नोझल होतं 9 मिलिमीटरचं. साच्यातल्या नमुन्यांची दाबाखालची ताकद 107 मेगापास्कल आली, छापलेल्यांची दिशेनुसार 75 ते 102. तुमच्या एम-20 काँक्रीटमधला 20 याच मापातला, त्यामुळे हे काँक्रीट किती तगडं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण दोन थर ताणून वेगळे करायला लागणारी ताकद 2.3 मेगापास्कलवरून 0.7 पर्यंत उतरली. थरांमधली वेळ जसजशी वाढली तसतशी ती घटत गेली. इतक्या उत्तम मिश्रणाचं हे झालं, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या भिंतीबद्दल मुलीनं खाली मान घालण्याचं काही कारण नाही.

आता फायबर. तिच्या गाईडना बहुधा असं वाटलं असावं की फायबर घातले म्हणजे सगळीकडून ताकद वाढायला हवी. साच्यात फायबर बऱ्यापैकी कसेही, सगळ्या दिशांना पडतात. नोझलच्या अरुंद तोंडातून माल सरकताना मात्र ते प्रवाहाच्या दिशेनं आडवे होतात आणि बाहेर पडणाऱ्या मालाच्या पट्टीच्या लांबीला समांतर बसतात. त्या दिशेनं ताण आला की ते भेगेला आरपार धरून ठेवतात. ताण थरांना एकमेकांपासून उचलायला लागला, तर तिथे मदतीला जवळजवळ एकही फायबर नसतो, कारण खालच्या थरातून वरच्या थरात ते शिरतच नाहीत. तिथे भार फक्त सिमेंटच्या चिकटण्यावर. म्हणून फायबरचं प्रमाण वाढवून सांध्याचा प्रश्न सुटत नाही. उलट माल कोरडा, आखडलेला झाला तर थरांमध्ये पोकळ्या राहतात आणि सांधा आणखी कमजोर होतो.

हीच गोष्ट कामालाही लावता येते. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग विद्यापीठात कार्बनचे आखूड फायबर सिमेंटच्या लगद्यात मिसळून मुद्दाम अरुंद नोझलमधून छापले. नोझलचं तोंड फायबरच्या लांबीपेक्षाही लहान ठेवलं, म्हणजे फायबरला प्रवाहाच्या दिशेनं वळण्यावाचून गत्यंतर नाही. एक टक्का फायबरवर वाकवताना सुमारे 30 मेगापास्कल ताकद मिळाली. हे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. तो लगदा होता, खडीचं काँक्रीट नव्हे, पण मुद्दा स्पष्ट आहे: फायबर कुठे वळतील हे नोझल ठरवतं आणि नोझल कुठे वळेल हे इंजिनिअर.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या खेमर्ट गावात आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठानं छापलेल्या तुकड्यांचा सायकल पूल उभा केला. त्यांनी सांध्यावर भरवसा ठेवला नाही. छापून झालेले तुकडे आडवे वळवले आणि आरपार प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे ताणून बसवलेल्या, केबल ओढून सगळे थर एकमेकांवर दाबून धरले. शिवाय छापतानाच पट्टीत बारीक पोलादी तार सोडली होती. सांधा ताणात कमकुवत आहे ना, मग त्याला ताणात येऊच द्यायचं नाही. मला हा विचार फार आवडतो. "थरावर थर ठेवून केलेली भिंत टिकणार कशी" या तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे उभं आहे आणि त्यावरून सायकली जातात.

मुलीनं आता काय करावं? रिपोर्टमधून कमी आलेले आकडे गाळू नयेत. त्यांच्या शेजारी छपाईची नोंद मांडावी: थराची उंची, नोझलचा वेग, नोझल खालच्या थरापासून किती वर होतं, दोन थरांत किती मिनिटं गेली, त्या वेळी खोलीचं तापमान काय होतं, पंखा चालू होता का. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या थराचं वरचं पाणी बघता बघता उडतं, आणि कोरडा पृष्ठभाग वरच्या थराला धरत नाही. वर पाण्याचा पातळ थर साचला तरीही सांधा बिघडतो. नोंदी ठेवल्या नसतील, तर छोटी भिंत पुन्हा छापावी. मिश्रण तेच ठेवून फक्त मधली वेळ बदलावी. एवढ्या एका प्रयोगावर तिचा प्रोजेक्ट उभा राहील.

एम.टेक.बद्दल माझं मत तिच्या बाजूनं आहे. भारतात हे काम आता प्रात्यक्षिकापुरतं राहिलेलं नाही. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या त्वस्ता या कंपनीनं तिथल्या आवारात छापलेल्या घराचं 2021 मध्ये उद्घाटन झालं. एल अँड टीनं बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमध्ये छापलेलं पोस्ट ऑफिस 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याला आयआयटी मद्रासचं तांत्रिक मार्गदर्शन होतं. हैदराबादची सिंप्लीफोर्ज ही कंपनी आयआयटी हैदराबादबरोबर काम करते. तरीही नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून तिनं "थ्रीडी प्रिंटिंग" या नावाच्या मागे न लागता काँक्रीट मटेरियल्स किंवा स्ट्रक्चर्स हा विषय धरावा आणि प्रबंध छपाईवर करावा. मग रेडीमिक्स, ॲडमिक्स्चर, प्रीकास्ट, टेस्टिंग लॅब ही सगळी दारं उघडी राहतात. प्रवेश घेण्याआधी त्या विभागात प्रिंटर खरोखर चालतो का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या यंत्रावर कोणी काही शिकत नाही.

कन्सल्टंटची नोकरी वाईट नाही. एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेचा स्कोअर मनासारखा आला नाही, तर वर्षभर ती जरूर करावी. डिझाइन न येणारा मटेरियलवाला अर्धवट राहतो. पण प्रोजेक्ट पडला म्हणून घाबरून ती नोकरी धरायला लावू नका.

आणि एक काम तुम्हीच करू शकता. काँक्रीट पंप लावलेल्या तुमच्या पुढच्या कामावर तिला पंप ऑपरेटरजवळ उभं करा. होज का चोकतो, माल कधी ओढतो, दुपारी पाणी का मागतो आणि ते घातलं की काय बिघडतं, हे तो माणूस हाताच्या अंदाजानं सांगतो. प्रिंटर चालवताना नेमकं हेच लागतं, आणि ते तिला कॉलेजात मिळालेलं नाही.

गेट फेब्रुवारीत असते आणि अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. रिपोर्टचा मसुदा झाला की तिला तो मला पाठवायला सांगा, दोन्ही दिशांच्या आकड्यांसकट.