गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढलं तर बाळ फार मोठं होतं का?

तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, वजन आधीपासूनच जास्त होतं आणि आता कोलेस्टेरॉल २६० आलंय, तर बाळ फार मोठं होऊ नये म्हणून स्निग्ध खाणं पूर्ण बंद करू का? बंद करू नका. मी डॉक्टर नाही, पण दुसऱ्या खेपेला याच आकड्याने माझी झोप उडवली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या रिपोर्टवर २६८ हा आकडा ठळक छापला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'सामान्य: २०० पर्यंत'. ही मर्यादा गरोदर नसलेल्यांसाठी असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी मनानेच जेवण निम्म्यावर आणलं. दोन आठवड्यांनी लघवीत कीटोन निघाले, म्हणजे अन्न पुरत नव्हतं म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळत होतं. डॉक्टरबाईंनी तोच रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वारेचं (प्लासेंटाचं) चित्र काढून मला समजावलं.

वार आईच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलते आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवते, ज्याच्यावर गर्भ टिकतो. बाळाच्या पेशींना, मेंदूलाही कोलेस्टेरॉल लागतंच. म्हणून दिवस भरत येतात तसं एकूण कोलेस्टेरॉल साधारण २५ ते ५० टक्के वाढतं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) तर दुप्पट-तिप्पट होतं. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून हे झालं, असं मनात आणू नका.

बाळाच्या आकाराचा खरा संबंध साखरेशी जास्त आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग ती साखर वापरायला बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि त्याच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर, चरबी चढते. चार किलोच्या वरच्या बाळाची काळजी करतात ती यासाठीच, कारण बाळंतपणात खांदे अडकू शकतात. २००८ साली नऊ देशांतल्या २३ हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मधुमेह म्हणण्याइतकी साखर नसली तरी ती जसजशी वर जाते तसतसं बाळाचं वजनही वाढत जातं. तुमची साखरेची तपासणी (ती २४ ते २८ आठवड्यांत करतात) झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

कोलेस्टेरॉलच्या त्याच रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइडचाही आकडा बघा. आईचं वजन जास्त असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर बाळाच्या वजनाशी त्याचा संबंध कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त दिसतो. ते ५०० च्या वर असेल तर लगेच दाखवा, कारण हजाराच्या आसपास स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही आजच सांगा, बहुतेक जणींची ती गरोदरपणात थांबवतात.

आणि वजन? ते आता उतरवायचं नसतं, फक्त वाढ बेताची ठेवायची. २००९ च्या अमेरिकन शिफारशींप्रमाणे गरोदर होण्यापूर्वीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ ते ३० च्या मध्ये असेल तर सगळ्या नऊ महिन्यांत ७ ते ११.५ किलो, ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो. मी जेवणानंतर रोज वीस मिनिटं चालायचे, गोड सरबतं सोडली, बाकी पोटभर जेवले.

शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन ३.९ किलो सांगितलं आणि मी पुन्हा घाबरले. जन्मल्यावर काट्यावर ३.४ भरलं. सोनोग्राफीचा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, तेव्हा त्या एका आकड्यावरून सिझेरियनचं ठरवू नका, बाकीच्या तपासण्या घेऊन बोला. बाळ तीन महिन्यांचं असताना माझं कोलेस्टेरॉल पुन्हा तपासलं, तर १९२.