अजमेरच्या ‘अढाई दिन का झोपडा’ला काय पाहावं, किती वेळ काढावा?

तुमचा प्रश्न असा: दर्ग्याच्या निमित्ताने मुंबईहून अजमेरला जाताय, तर दर्ग्यामागच्या ‘अढाई दिन का झोपडा’ या जुन्या मशिदीसाठी वेगळा वेळ काढावा का, आणि मुस्लिम नसलेल्यांना आत सोडतात का?

सोडतात. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिकीट नाही. वेळ मात्र दीड तास तरी धरा. बरेच लोक कमानीसमोर फोटो काढून पंधरा मिनिटांत बाहेर पडतात, आणि खरं बघायचं ते राहूनच जातं.

सकाळीच जा. मशिदीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे कमानींच्या भिंतीवर सकाळचं ऊन तिरपं पडतं आणि कोरीव अक्षरं उठून दिसतात. दुपारनंतर सूर्य भिंतीच्या मागे जातो, मग फोटोत नुसती काळी आकृती येते. मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते. ट्रायपॉड लावायचा तर खात्याची परवानगी लागते.

निघण्यापूर्वी मुंबईतच थोडी तयारी करून घ्या, असं मी सुचवेन. सीएसएमटीच्या दगडी कमानी नीट पाहा. प्रत्येक दगड पाचरीच्या आकाराचा आहे आणि दोन दगडांमधल्या सांध्यांच्या रेषा कमानीच्या मध्याकडे रोखलेल्या आहेत. ही खरी कमान. दगड एकमेकांना दाबून धरतात आणि भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरतो. मग एखाद्या रविवारी लोकलने अंबरनाथला जा. शके 982 मधल्या (म्हणजे 1060च्या) शिवमंदिराच्या मंडपात मान वर करून छत पाहा. तिथला घुमट दगडाची एकेक वर्तुळं थोडी थोडी आत सरकवत रचलेला आहे. सगळे थर आडवे, पाचर कुठेच नाही.

आता अजमेर. ही मशीद कुतुबुद्दीन ऐबकाच्या काळात उभी राहिली; मिहराबवरच्या (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यावरच्या) कोरीव लेखात 1199ची तारीख आहे. पुढची सात कमानींची भिंत दिल्लीचा सुलतान अल्तमश याने 1213च्या सुमारास घातली. म्हणजे अडीच दिवसांत बांधून काढल्याची जी गोष्ट गाइड रंगवून सांगतात, ती या लेखांपुढे टिकत नाही. ऐकून सोडून द्या.

त्या भिंतीतली मधली मोठी कमान पन्नास फुटांहून उंच आहे. तिच्या अगदी जवळ जाऊन कडेचे सांधे पाहा. ते तळापासून टोकापर्यंत आडवेच जातात. सुलतानाला कमान हवी होती, पण इथल्या गवंड्यांचा हात खांब-तुळई आणि आडव्या थरांवर बसलेला होता. त्यांनी थर पुढे काढत काढत दोन्ही बाजू वर जुळवल्या आणि कडा तासून कमानीचा आकार दिला. दिसायला कमान, रचना अंबरनाथच्या छताची. अशा रचनेत पुढे काढलेला प्रत्येक दगड पुढे झुकून पडायला बघतो, म्हणून त्याच्या मागच्या टोकावर भरपूर वजन लागतं. भिंत इतकी जाड का, याचं एक उत्तर त्यात आहे. पाचरीच्या दगडांची खरी कमान पुढे दिल्लीत, 1287च्या सुमाराच्या सुलतान बल्बनाच्या कबरीत दिसते, आणि कुतुबमिनाराजवळच्या 1311च्या अलाई दरवाजात ती पूर्ण सफाईने आली आहे.

बाजूच्या लहान कमानींपैकी काहींची कड पाकळ्यांची आहे. भारतात अशी पाकळीदार कमान याआधी फारशी दिसत नाही. मधल्या कमानीच्या माथ्यावर दोन मिनारांचे बुंधे उरलेत, त्यांवरच्या उभ्या पन्हळी पाहिल्या की कुतुबमिनार आठवेल. लेखांच्या पट्ट्यांत अरबी लिपीची दोन वळणं ओळखता येतात. कोनदार, ताठ अक्षरं कुफी. गोलाईची, वाहती अक्षरं नस्ख.

मग आतल्या दालनात जा. माझ्या मते खरा खजिना इथे आहे, आणि लोक नेमकं हेच सोडतात. एक खांब निवडा आणि खालून वर पाहत जा. मधेच खांबाचं शीर्ष येतं आणि त्याच्यावर पुन्हा नवा खांब सुरू होतो. देवळांचे तीन-तीन खांब एकावर एक रचून उंची साधली आहे. दिल्लीत कुतुबमिनाराशेजारच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीत दोन-दोन आहेत. घंटा, साखळ्या, पूर्णघट (पानाफुलांनी भरलेला कलश) ही नक्षी अंबरनाथ पाहिलेल्याला लगेच ओळखू येईल. खालच्या आणि वरच्या तुकड्याची नक्षी बऱ्याचदा जुळत नाही, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेत. छताचे घुमटही तेच, आत सरकणाऱ्या वर्तुळांचे. पश्चिमेच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराचा मिहराब आहे.

याच जागी चाहमान (चौहान) राजा चौथा विग्रहराज याची संस्कृत पाठशाळा होती, असं मानलं जातं. इथे सापडलेल्या शिळांवर दोन संस्कृत नाटकं कोरलेली आहेत. त्यांतलं ‘हरकेलि’ खुद्द विग्रहराजाचं, 1153चं. त्या शिळा शहरातल्या अकबरी किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. वेळ असेल तर तेही करा.

बाकी व्यवहाराचं. वांद्रे टर्मिनसहून अजमेरला थेट गाड्या आहेत. दर्ग्यापासून झोपडा चालत दहा मिनिटांच्या आत आहे, पण गल्ली अरुंद आणि चढाची. दारापाशी उंच पायऱ्याही आहेत. गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर घाई करू नका. दालनात चपला काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात अंगणातली फरशी चटके देते, तेव्हा पायमोजे जवळ ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, डोक्याला रुमाल किंवा ओढणी एवढं पुरे. दर्ग्यात मोठ्या बॅगा आणि कॅमेरे नेऊ देत नाहीत, म्हणून आधी झोपडा, मग सामान हॉटेलवर टाकून दर्गा, हा क्रम सोयीचा. गल्लीत पाकीट सांभाळा. शुक्रवार आणि उरुसाचे दिवस (रजब महिन्याची सुरुवात) टाळा; त्या गर्दीत खांब न्याहाळत उभं राहायला जागाच मिळत नाही.

अजमेर जमलं नाही तर दौलताबाद करा. किल्ल्यात शिरल्यावर सपाटीलाच कुतुबुद्दीन मुबारक खिलजीची 1318ची मशीद आहे. तिथेही देवळांचेच खांब आहेत आणि आत आता भारतमातेची मूर्ती आहे. छत्रपती संभाजीनगरहून ती पंधराएक किलोमीटरवर आहे आणि तिच्यासाठी गड चढावा लागत नाही.